तीन डिस्क, दोन रेड : परभणीतल्या घरच्या साठवणीच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

घरच्या जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये ४ टीबीच्या तीन हार्ड डिस्क लावून रेड करायचं ठरलं, म्हणजे एक डिस्क मेली तरी माल वाचावा अशी त्यांची जोडणी. सिस्टिमसाठी २४० जीबीची एसएसडी वेगळी आहे, तिच्यावर डेबियन १२ ही लिनक्स टाकून झालं. ती या भानगडीत नाही, त्यामुळे बूट कुठून करायचं हा प्रश्नच उरला नाही.

साठवायचं ते दोन जातीचं आहे. पहिलं मामेभावाच्या लग्नाच्या शूटिंगचं फुटेज. सीझनला एकेका लग्नाचे दोनशे-अडीचशे जीबी येतात. अल्बम आणि पेनड्राइव्ह पार्टीच्या हातात पडला की त्या फुटेजला कुणी विचारत नाही, पण तोवर ते जिवापाड सांभाळावं लागतं.

दुसरं म्हणजे आबांच्या कॅसेटी. जिंतूर, सेलू, पाथरीकडच्या सप्ताहांत त्यांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेली कीर्तनं. त्या मी डिजिटल करतोय. सीडीच्या दर्जाची वेव फाइल तासाला ६३५ एमबी खाते, फ्लॅक केली की साधारण निम्मी होते. घरातले सगळे फोटो धरले तरी हा माल ३०० जीबीच्या आत बसतो. पण काही कॅसेटींना बुरशी लागली आहे, त्या परत वाजणार नाहीत.

म्हणजे थोडा माल कधीच परत न मिळणारा आणि भरपूर माल सहा महिन्यांनी बिनकामाचा. दोघांना एकाच रेडमध्ये कोंबायचं का, एवढाच या कामातला खरा प्रश्न.

८ एप्रिल

डिस्क आल्या. एक नांदेडहून, एक संभाजीनगरहून, एक ऑनलाइन. मुद्दाम तीन ठिकाणांहून घेतल्या. एकाच खोक्यातल्या, एकाच आठवड्यात बनलेल्या डिस्क एकाच सुमारास आजारी पडायची शक्यता जास्त, आणि रेडचा सगळा डाव ‘एका वेळी एकच मरेल’ या भरवशावर असतो.

दुकानात विचारायची गोष्ट एकच : सीएमआर की एसएमआर? सीएमआर डिस्कमध्ये लिहायचे ट्रॅक शेजारीशेजारी असतात. एसएमआर डिस्कमध्ये ते कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे मधलं काही बदलायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. रेडमध्ये नवी डिस्क घालून तिच्यावर सलग काही तास लिहायची वेळ आली की ती बसकण मारते. दुकानदार म्हणाला, ‘सर, दोन्ही सारखेच.’ सारखे नसतात. मॉडेल नंबर कंपनीच्या तक्त्यात ताडून बघितला, मगच पैसे दिले. तिन्ही सीएमआर आहेत.

१० एप्रिल

नव्या डिस्कवर डोळे झाकून विश्वास टाकायचा नाही म्हणून तिन्हींची स्मार्टची, म्हणजे डिस्कनं स्वतःची तब्येत तपासायची, लांब चाचणी लावली. रात्रभर चालली. बघायचे आकडे तीनच : ५ नंबरचा, म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे लहान तुकडे). १९७, म्हणजे वाचताना अडलेले. आणि १९९, म्हणजे केबलवर झालेल्या चुका. पहिले दोन तिन्हींवर शून्य. ऑनलाइन आलेल्या डिस्कचा १९९ मात्र चाचणीनंतर फाइली इकडून तिकडे करताना वाढत होता. तो आकडा वाढला की डिस्कला नावं ठेवण्याआधी केबल बघावी. केबल बदलली, वाढ थांबली. (हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. आहे तो लिहून ठेवला.)

प्रत्येक डिस्कच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून मार्करनं सिरियल नंबरातली शेवटची चार अक्षरं लिहिली. लिनक्समध्ये एसडीबी, एसडीसी ही नावं पक्की नसतात. केबल इकडची तिकडे झाली की आजची एसडीबी उद्या एसडीडी होते. ऐन वेळी मेलेली सोडून जिती डिस्क उपटणारे लोक मी बघितले आहेत.

१३ एप्रिल

आजचा दिवस कागद-पेन्सिलीत गेला.

पहिला प्रश्न : पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, पाडायचेच का? एमडीएडीएम या लिनक्सच्या रेड बांधणाऱ्या प्रोग्रॅमला अख्खी डिस्क दिली तरी चालते, पार्टिशनचा तक्ता लागत नाही. भाच्याचं मत तेच. तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. फोनवर म्हणाला, ‘मामा, कामून वाढवून ठेवायलाव काम? पूर्ण डिस्क देऊन टाका, वरून एलव्हीएम करा.’ (एलव्हीएम म्हणजे जागा हवी तशी वाटून देणारी लिनक्सची सोय.) पण ज्या डिस्कवर तक्ताच नाही ती इतरांना कोरी वाटते. विंडोजला जोडली की ती ‘इनिशियलाइझ करू का’ विचारते आणि घरातलं कुणीतरी ‘ओके’ दाबतं. काही मदरबोर्डचं फर्मवेअरसुद्धा, तक्ता खराब झालाय असं समजून, दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कच्या टोकांवर आपलं काहीतरी लिहून जातं. रेडचा सुपरब्लॉक, म्हणजे त्याची स्वतःची नोंद, तोही तिथंच असतो, सुरुवातीपासून ४ केबीवर. पार्टिशन असलं की डिस्कवर पाटी लागते : इथं कुणीतरी राहतं.

दुसरा प्रश्न : तक्ता कोणता, जुना एमबीआर की नवा जीपीटी? एमबीआरमध्ये सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा. ५१२ बाइटांच्या सेक्टरनं हिशेब केला तर २.२ टीबीपाशी तो संपतो. ४ टीबीच्या डिस्कला जीपीटीशिवाय गत्यंतर नाही. जीपीटी आपली एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवतो, तो फायदा वेगळा.

तिसरा प्रश्न : शेवटी जागा सोडायची का? सगळे सांगतात, शेवटचे १०० एमबी तरी रिकामे ठेवा. उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि ती चार सेक्टर कमी भरली, तर रेड तिला घेत नाही. आज मी हे तपासून बघितलं. आयडेमा या उद्योगसंघटनेचं सूत्र आहे : ९,७६,९६,३६८ अधिक १९,५३,५०४ गुणिले (जीबी वजा ५०). त्यात ४,००० घातले की ७,८१,४०,३७,१६८ येतात. तीन दुकानांतल्या, दोन कंपन्यांच्या माझ्या तिन्ही डिस्कवर हाच आकडा आहे, शेवटच्या सेक्टरपर्यंत. म्हणजे ही भीती बरीचशी जुन्या काळची.

तरीही जागा सोडली. काही जुने मदरबोर्ड डिस्कच्या शेपटाचा तुकडा बायोसच्या प्रतीसाठी परस्पर लपवतात, त्याला एचपीए म्हणतात. यूएसबीच्या काही डब्यांतून काढलेली डिस्कही कमी सेक्टर दाखवते. परभणीत ऐन वेळी मिळेल ती डिस्क घ्यावी लागणार, ती कुठून आलेली असेल कोण सांगणार? एचडीपार्म या कमांडनं बघितलं तर तिन्हींवर ‘एचपीए इज डिसेबल्ड’ आलं, बरं वाटलं. एक जीबी सोडायचं ठरवलं. चार हजारांतला एक गेला तर काही बिघडत नाही.

चौथा आणि मुख्य : किती कप्पे आणि कोणत्या रेडचे? १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडच्या पाच पातळ्या मांडल्या. त्यातली पहिली आणि पाचवी घरात आजही पुरते. मधल्या आता कुणी घालत नाही. रेड ५ मध्ये तीन डिस्कांपैकी दोन डिस्कांएवढी जागा मिळते आणि एक डिस्क मेली तरी निभावतं. दुसरी मेली की सगळं संपलं. शिवाय पुनर्बांधणीत उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं एवढ्या बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक धरलेली असते, म्हणजे १२.५ टीबीमागे एक. माझी पुनर्बांधणी सातएक टीबी वाचणार. डिस्क प्रत्यक्षात माहितीपत्रकापेक्षा बऱ्या वागतात हे खरं, पण तेवढ्या भरवशावर आबांच्या कॅसेटी मी ठेवणार नाही. फुटेज ठेवीन.

म्हणून प्रत्येक डिस्कचे दोन कप्पे. पहिला ५०० जीबीचा. तिन्ही डिस्कवरचे पहिले कप्पे मिळून रेड १, तीन प्रती. दोन डिस्क मेल्या तरी कीर्तनं शाबूत. दुसरा ३,२२५ जीबीचा, तिन्ही मिळून रेड ५, त्यातून ६,४५० जीबी हाती येतात. (इथले जीबी लिनक्सच्या मोजणीतले, १,०२४ च्या पटीतले. त्या हिशेबात ४ टीबीची डिस्क ३,७२६ जीबी भरते. लोक याला फसवणूक म्हणतात, पण हा नुसता मोजपट्टीतला फरक.)

भाच्याचा एलव्हीएमचा सल्ला वाईट नाही. एका मोठ्या रेडवर एलव्हीएम घातलं की कप्पे पाहिजे तेव्हा लहानमोठे करता येतात. पण खालचा रेड सगळ्यांना एकच मिळतो, आणि मला नेमकं तेच नको आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘मग बरोबर हाय.’

कुठला कप्पा पुढे, कुठला मागे, यावर बराच वेळ घुटमळलो. डिस्कचे सेक्टर बाहेरच्या कडेपासून मोजतात आणि बाहेरचे ट्रॅक लांब असल्यानं तिथला वेग आतल्यापेक्षा दुप्पटीजवळ जातो. त्या न्यायानं फुटेज आधी हवं, कीर्तनांना वेग घेऊन काय करायचं? पण मोठ्या डिस्क घेऊन कधीकाळी वाढवायचं झालं, तर सहज वाढतो तो शेवटचा कप्पा. त्याच्यापुढे कुणी बसलेलं नसतं. वाढणार आहे ते फुटेजच. आणि भाऊ एडिटिंग त्याच्या लॅपटॉपवरून गिगाबिट नेटवर्कनं करणार, तिथं सेकंदाला ११० एमबीच्या वर काही मिळत नाही. डिस्कचा आतला, सावकाश भागही रेड ५ मध्ये दोघांच्या जोरावर तेवढं देतो. म्हणून लहान आधी, मोठा नंतर.

याहून जास्त कप्पे नाहीत. ‘फोटो’, ‘गाणी’, ‘कागदपत्रं’ अशी पार्टिशनं करायची खोड आपल्याला विंडोजच्या सी, डी, ई, एफनं लावली. त्यासाठी फोल्डर आहेत. एकाच चकतीवर पाच रेड मांडले की डिस्कचं वाचायचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि सगळेच रडतात.

१४ एप्रिल

सुट्टी. चौकातली मिरवणूक संध्याकाळी, त्याआधी काम उरकलं.

पहिल्या डिस्कवर जीडिस्कनं कप्पे पाडले. पहिला सेक्टर २,०४८ पासून, म्हणजे बरोबर १ एमबीवर. आतून या डिस्क ४,०९६ बाइटांचे सेक्टर वापरतात आणि बाहेर ५१२ चे आहेत असं सांगतात. सुरुवात ८ नं भागली गेली नाही तर प्रत्येक छोट्या लिखाणाला आधी वाच, मग लिही अशी दुहेरी मेहनत पडते. पूर्वी ६३ पासून सुरुवात व्हायची, तेव्हाचा हा ताप. दुसरा कप्पा १,०४,८५,७८,०४८ पासून, तोही २,०४८ नं भागतो. शेवटी २१,४३,९२० सेक्टर मोकळे. कप्प्यांचा प्रकार एफडी००, लिनक्स रेड.

उरलेल्या दोन डिस्कवर तोच तक्ता एसजीडिस्कच्या कॅपिटल ‘आर’ पर्यायानं उतरवला. इथं थांबून वाचावं. त्या पर्यायाला लागून जी डिस्क लिहायची ती ‘जिच्यावर’ उतरवायचं ती, आणि ओळीच्या शेवटी येते ती ‘जिच्यावरून’. बहुतेकांच्या हाताला उलटी सवय असते, आणि उलटं झालं की कोरा तक्ता भरलेल्या डिस्कवर जातो. नंतर दोन्ही नव्या डिस्कवर कॅपिटल ‘जी’ चालवून ओळख क्रमांक नव्यानं पाडले, नाहीतर तिन्ही डिस्क एकाच नावानं ओळख सांगतात.

१५ एप्रिल

आधी रेड १. एमडीएडीएमनं विचारलं, याचा मेटाडेटा सुरुवातीला आहे, बूटसाठी चालणार नाही, पुढे जाऊ? बूट एसएसडीवर आहे, जा. लगेच रेड ५ ही बनवला, चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहायचा तुकडा, ठेवला आधीपासून ठरलेलाच, ५१२ केबी.

रेडची हालहवाल सांगणारं एमडीस्टॅट बघितलं तर एमडी० (रेड १) पळत होता आणि एमडी१ (रेड ५) समोर ‘रिसिंक=डिलेड’, म्हणजे थांबलेला. बिघाड नाही. दोन्ही रेड त्याच डिस्कवर आहेत हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळतं, म्हणून एकाचं झाल्याशिवाय तो दुसऱ्याला हात लावत नाही. ५०० जीबीचा रेड १ तासाभरात झाला, मग एमडी१ हलला. त्याच्या कंसात दोन ‘यू’ (चालू डिस्क) आणि एक खालची रेघ (नसलेली डिस्क). रेड ५ नवा असतानाही एमडीएडीएम शेवटच्या डिस्कला आधी राखीव धरतो आणि उरलेल्या दोघींवरून हिशेब करून तिला भरत जातो. नवीन माणूस ती रेघ बघून घाबरतो.

बांधणी चालू असताना फाइली टाकता येतात, पण मी टाकल्या नाहीत. कारण आपल्याकडची लाईट. एक डिस्क अजून अपुरी, वर लिखाण चालू आणि तेवढ्यात वीज गेली, तर पुढच्या वेळी कर्नल तो रेड आपणहून चालू करायला नकार देतो. जबरदस्तीनं चालू करता येतो, पण तेव्हा काय बरोबर नि काय चूक याची हमी कुणाची?

दुपारी लाईट गेलीच. यूपीएसनं धरलं, मग मी स्वतः व्यवस्थित बंद केलं. लाईट आल्यावर जिथं थांबलं होतं तिथूनच पुढे चालू. ही नोंद सुपरब्लॉकमध्येच असते. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर ठेवू नका असं मी सगळ्यांना सांगतो. बदलाबदलीच्या त्या क्षणात पंख्याला काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

१६ एप्रिल

दोन्ही पूर्ण. तीन-तीन ‘यू’.

१९ एप्रिल

दोन्हींवर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम घातली. एक्सएफएस मोठ्या फाइलींना चांगली, पण ती लहान करता येत नाही. ईएक्सटी४ बंद करून का होईना, आकसते. रेडच्या तुकड्यांशी जुळणारी मापं, स्ट्राइड १२८ आणि स्ट्राइप विड्थ २५६, तिनं रेडकडूनच विचारून घेतली, हातानं घालावी लागली नाहीत.

ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मालक-खात्यासाठी, बाजूला ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते ठीक. ६,४५० जीबीवर पाच टक्के म्हणजे ३२२ जीबी, एका आख्ख्या लग्नाची जागा. ट्यून२एफएसनं एक टक्क्यावर आणलं.

रीस्टार्ट केल्यावर एमडी० आणि एमडी१ गायब, त्यांच्या जागी एमडी१२७ आणि एमडी१२६. रेडची माहिती एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये उतरवून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टिम) पुन्हा बनवलं की नावं जागेवर येतात. एफस्टॅबमध्ये, म्हणजे कुठली साठवण कुठं जोडायची त्या यादीत, तरी यूयूआयडीच (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहिलं, आणि ‘नोफेल’. रेड चढला नाही तरी मशीन चालू तर व्हावं.

२२ एप्रिल

ही गोष्ट पार्टिशनइतकीच महत्त्वाची, पण हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एखादा सेक्टर वाचता आला नाही की साधी डिस्क तो परत परत वाचत बसते, कधी मिनिटभर, कधी जास्त. कर्नल ३० सेकंद वाट बघतो. त्यानंतर तो डिस्कचं कनेक्शन रीसेट करतो आणि बरी असलेली डिस्क रेडबाहेर फेकली जाते. नासच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीसाठी केलेल्या, डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात, मग रेड दुसरीकडून डेटा काढून तो सेक्टर परत लिहितो.

स्मार्टसीटीएलनं एससीटी ईआरसी, म्हणजे हात वर करायची ही मुदत, तपासली. दोन डिस्कवर ७ सेकंदांची सोय आहे, ती चालू केली. तिसरीला ते येतच नाही. तिच्यासाठी उलटं केलं, कर्नलची वाट बघायची मुदत १८० सेकंद केली. दोन्ही सेटिंगं बंद-चालू झाली की जातात, म्हणून बूटच्या वेळी चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये घातली.

२७ एप्रिल

तालीम. खरा माल येण्याआधी.

रेड ५ मधला एसडीसी२ हातानं नादुरुस्त ठरवला, बाहेर काढला आणि लगेच परत घातला. काही सेकंदांत जुळला. मोठ्या रेडवर एमडीएडीएम आपणहून बिटमॅप ठेवतो, त्यात कुठला भाग बदलला त्याची खूण असते, तेवढंच तो भरतो.

मग खरी परीक्षा. त्याच डिस्कचे दोन्ही कप्पे काढायचे, सुपरब्लॉक पुसायचे आणि डिस्क कोरी समजून परत घालायची. कप्पे पाडल्याचा तोटा इथं दिसतो. डिस्क एक मरते, पण रेड दोन लंगडे होतात, आणि दोन्हींमधून तिचं नाव वेगवेगळं काढावं लागतं. एसडीसी१ एमडी० मधून, एसडीसी२ एमडी१ मधून. भाऊ शेजारी बसून बघत होता. त्याच्याकडूनच दोन्ही कमांड टाइप करून घेतल्या, कारण मी गावाला असताना ही वेळ येणार हे नक्की.

एमडी१ भरायला साडेसात तासांच्या आसपास लागले. तेवढा वेळ लंगड्या रेडवरून नमुन्याचं फुटेज चालवून बघितलं, कुठं अडकलं नाही. पुनर्बांधणीत तापमान ४९ पर्यंत गेलं. बाहेर बेचाळीस. डिस्कची मर्यादा ६० ची आहे, पण केबिनेटसमोर एक १२० मिलिमीटरचा पंखा वाढवला. जाळीवर धूळ इतकी येते की ती दर पंधरवड्याला झटकावी लागणार.

५ मे

अक्षय तृतीयेच्या लग्नांचा माल आला. भाऊ फुटेज थेट एमडी१ वर टाकतो. कॅसेटींच्या फाइली एमडी० वर गेल्या.

एमडी० वर तीन प्रती आहेत म्हणून निवांत झोपावं असं नाही. चुकून पुसलेली फाइल तिन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर आरसिंकनं एमडी० ची वेगळी प्रत काढली आणि ती सेलूला बहिणीकडे ठेवली. वीज पडली, चोरी झाली, पाणी शिरलं तरी कीर्तनं वाचतील. फुटेजसाठी एवढं करत नाही.

३ जून

डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर रेडची तपासणी सुरू करतो, सगळं वाचून प्रती जुळतात का बघतो. १ जूनला सुरू झालेली आज पूर्ण. दोन्ही रेडवर मिसमॅच शून्य. १९९ चा आकडा केबल बदलली तेव्हाच्याच ठिकाणी.

भाऊ आतापासूनच चौथ्या डिस्कचं बोलायला लागलाय. घेतली तर तक्ता हाच उतरवायचा. तिचा दुसरा कप्पा रेड ५ मध्ये घालून तो तिनाचा चार डिस्कचा करायचा, म्हणजे ९,६७५ जीबी. पहिला कप्पा एमडी० ला राखीव म्हणून द्यायचा, चौथी प्रत करायची नाही. आधी यूपीएसची बॅटरी बदलायची आहे. रेड वाढवण्याची कवायत बांधणीपेक्षा कितीतरी लांबते आणि आता पावसाळ्याच्या तोंडाला लाईटचा नेम नाही, तेव्हा हे काम दिवाळीनंतर.